भिंत बिल्डरची, झळ घरमालकाची

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात घर बांधणारा आणि त्या घरात राहणारा माणूस एकच होता. खिडकी कोणत्या दिशेला ठेवायची, पश्चिमेची भिंत किती जाड घ्यायची, पावसाची झड कोठून येते आणि दुपारचे ऊन कोठे पडते, याचा विचार तो स्वतः करीत असे. कारण चूक झाली तर तिची शिक्षा त्यालाच भोगावी लागणार होती. आज शहरातील मध्यमवर्गीय कुटुंब घर बांधत नाही, ते विकत घेते. बांधणारा बिल्डर भोगवटा प्रमाणपत्र हाती पडताच पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि राहणारा माणूस वीस वर्षांच्या कर्जासह त्या घरात प्रवेश करतो. बांधकामात वाचवलेला पैसा पहिल्याच्या खिशात जातो. त्या बचतीची किंमत दुसरा दरमहा विजेच्या बिलातून फेडत राहतो. घरांच्या ऊर्जाकार्यक्षमतेविषयीचे नियम आता कडक होत आहेत, त्यांचा सारा अर्थ या एका विसंगतीत सामावलेला आहे.

कोणत्याही नव्या गृहप्रकल्पाच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी तासभर उभे राहिले तर ही विसंगती डोळ्यांना दिसते. घर पाहायला आलेले कुटुंब कार्पेट एरिया विचारते, पार्किंग विचारते, ओट्याचा ग्रॅनाइट हाताने चाचपून पाहते. घरातील वडीलधारी मंडळी पाण्याची आणि देवघराच्या दिशेची चौकशी करतात. मात्र झोपण्याच्या खोलीची पश्चिमेकडील भिंत कशाची आहे, मे महिन्यात तिच्यातून किती उष्णता आत येईल, सर्वांत वरच्या मजल्यावरील स्लॅबला उष्णतारोधक थर आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. सॅम्पल फ्लॅटमधील वातानुकूलन यंत्र अखंड चालू असल्यामुळे तो प्रश्न सुचतही नाही. तो सुचतो पहिल्या उन्हाळ्यात, रात्री अकरा वाजता भिंतीला हात लागला आणि ती तव्यासारखी भासली म्हणजे. तोपर्यंत करारावर सह्या होऊन गेलेल्या असतात.

आश्चर्य असे की, हाच माणूस शीतकपाट विकत घेताना मुळीच भोळा नसतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये विद्युत उपकरणांसाठी तारांकनाची योजना सुरू केली आणि बघता बघता घराघरातील गृहिणी दुकानदाराला ‘किती स्टार आहेत?’ असे विचारू लागली. तीस-चाळीस हजारांच्या वस्तूचे तारे मोजून घेणारे कुटुंब आयुष्यभराची पुंजी ओतून घेतलेल्या घराचा मात्र एकही तारा मोजत नाही. ही बेफिकिरी यापुढे परवडणारी नाही, हे समजून घेण्यासाठी गेल्या काही वर्षांत कायद्याने कोणते वळण घेतले आहे, ते पाहिले पाहिजे.

कायदा दाराशी आला आहे

ऊर्जा संवर्धन अधिनियम संसदेने २००१ मध्ये संमत केला. त्यानुसार २००७ मध्ये इमारतींसाठी पहिली ऊर्जा संहिता आली. पण ती कार्यालये, हॉटेले, मॉल अशा व्यावसायिक इमारतींपुरती होती. घरे तिच्या कक्षेबाहेर राहिली. १४ डिसेंबर २०१८ रोजी, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी ती लिहिलेली होती. २०२१ मध्ये तिचा दुसरा भाग आला आणि त्यात उद्वाहने, पंप, सामाईक दिवे व नूतनीकरणीय ऊर्जा यांचा विचार झाला. २०२४ मध्ये संहितेची सुधारित आवृत्ती आली.

खरी कलाटणी मात्र २०२२ च्या दुरुस्ती कायद्याने दिली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेने संमत केलेली आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेली ही दुरुस्ती प्रथमच निवासी इमारतींना मूळ कायद्याच्या व्याख्येत ओढते. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी ही त्यासाठीची सीमा आहे आणि ती आणखी खाली आणण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे. हा आकडा कोणा गगनचुंबी संकुलाचा आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. प्रत्येक सदनिकेचा जोडभार ५ किलोवॅट धरला तर अवघ्या २० सदनिकांची इमारत या सीमेवर येऊन ठेपते. लिफ्ट आणि पाण्याचा पंप तर वेगळाच. म्हणजे उपनगरातील साधी चार-पाच मजली सोसायटीदेखील पुनर्विकासाला गेली की या कक्षेत येऊ शकते. कायद्यातील दंडाची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे.

संहितेत नेमके आहे तरी काय? तांत्रिक भाषा बाजूला ठेवली तर तिचा गाभा कोणत्याही जुन्या गवंड्याला पटेल असा आहे. इमारतीच्या भिंती आणि खिडक्या यांतून आत येणारी उष्णता सरासरीने दर चौरस मीटरमागे १५ वॅटच्या वर जाता कामा नये, हा २०१८ च्या संहितेतील पहिला नियम. वरच्या छतातून होणारे उष्णतेचे वहन ठरावीक मर्यादेत राहिले पाहिजे, हा दुसरा. उघडता येणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात पुरेशा असाव्यात, हा तिसरा. मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट प्रदेशात हे प्रमाण किमान एक षष्ठांश, तर उष्ण-कोरड्या प्रदेशात किमान एक दशांश ठेवले आहे. दमट हवेत वारा हवा आणि कोरड्या उन्हाळ्यात झळ बाहेर अडवायला हवी, हे शहाणपण त्यामागे आहे. पुरेसा उजेड आत आला पाहिजे, हा चौथा नियम. यात घरमालकाच्या विरोधात काय आहे? एकही अक्षर नाही. उलट, जे प्रश्न त्याने सॅम्पल फ्लॅटमध्ये विचारायला हवे होते, तेच त्याच्या वतीने संहिता विचारीत आहे.

महागाईची ओरड

तरीही विरोधाचा सूर ठरलेला आहे. ‘नियम वाढले की बांधकामाचा खर्च वाढणार आणि घरे महाग होणार; सामान्य माणसाला घर घेणे अशक्य होईल’, हा तो सूर. सामान्य माणसाविषयीचा हा कळवळा ऐकून कोणालाही गहिवरून यावे. पण हाच कळवळा चटईक्षेत्राचे भाव ठरवताना, पार्किंगची किंमत सांगताना किंवा ‘फ्लोअर राइज’च्या नावाखाली प्रत्येक मजल्यामागे दर वाढवताना कोठे दडी मारून बसतो? मुंबई, ठाणे, पुणे येथे घराच्या किमतीतील सिंहाचा वाटा जमिनीचा असतो. भिंत विटेची, काँक्रीटची की हलक्या ब्लॉकची, याचा फरक त्या किमतीत मिठाएवढा. स्वागतकक्षातील संगमरवर, गच्चीवरील पोहण्याचा तलाव आणि जाहिरातीतील सिनेतारका यांचा खर्च किमतीत गुपचूप मिसळता येतो, आणि पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढायचा म्हटले की घर महाग होते! हे गणित बिल्डरांच्या वहीतच जुळू शकते.

या ओरडीतील दुसरी लबाडी अधिक गंभीर आहे. घराची किंमत म्हणजे केवळ खरेदीची किंमत, असे ती गृहीत धरते. अनेक उंच इमारतींत आता अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या पातळ भिंती असतात. काम झपाट्याने उरकते, म्हणून बिल्डरांना ही पद्धत प्रिय आहे. पण अशा भिंतीतून, लोक ज्यांना सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीच्या तुलनेत, सुमारे चौपट-पाचपट उष्णता आत येते. झपाट्याने काम उरकल्याचा लाभ एकदाच आणि एकालाच होतो. आत येणाऱ्या उष्णतेचा भार मात्र इमारत उभी असेपर्यंत तीत राहणाऱ्या प्रत्येक पिढीवर पडतो. काँक्रीटची भिंत घ्यायचीच असेल तर तिला बाहेरून उष्णतारोधक थर, फिका रंग, छज्जा आणि बेताची काच यांची जोड देऊन ती संहितेच्या मर्यादेत बसवता येते. प्रश्न तंत्राचा नाही, ती जोड देण्याची सक्ती कोणी करतो की नाही, याचा आहे.

आणि गरिबांच्या घरांचे काय? नियमांचा जाच छोट्या घरांना नको, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय शीतलीकरण कृती आराखड्यानुसार त्या वेळी देशातील केवळ ८ टक्क्यांच्या आसपास कुटुंबांकडे वातानुकूलन यंत्र होते. उरलेल्यांचा आधार पंखा आणि खिडकी. ज्याच्या घरी यंत्र आहे तो तापलेली भिंत पैशाने थंड करू शकतो. ज्याच्या घरी नाही त्याला चांगली भिंत आणि चांगले छत हेच यंत्र. सेवावस्तीतील पत्र्याच्या खोलीतून पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्या कुटुंबाला तेथेही भट्टीच मिळणार असेल, तर त्याला पुनर्वसन कोणत्या तोंडाने म्हणायचे? चंद्रपूर, अकोला, जळगाव येथे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा छताचा दर्जा ही चैनीची बाब राहत नाही. घरातील म्हाताऱ्या माणसाच्या आणि तान्ह्या मुलाच्या जिवाची ती बाब असते.

काचेचे उसने वेड

हे सारे नवीन ज्ञान आहे आणि ते परदेशी तज्ज्ञांकडून शिकायचे आहे, असाही एक समज सुशिक्षितांत आढळतो. तो आत्मविस्मृतीचा नमुना आहे. देशावरील वाड्याचा चौक हा केवळ शोभेसाठी नव्हता. तापलेली हवा वर निघून जाण्याची आणि आतल्या खोल्यांना उजेड-वारा मिळण्याची ती सोय होती. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरड्या मुलखात मातीचे जाड माळवद दिवसभराचे ऊन अंगावर घेई आणि खालचे माजघर गार ठेवी. कोकणात उतरते कौलारू छप्पर, खाली ओढलेली वळचण आणि भोवतालची पडवी यांमुळे पाऊस आणि ऊन यांपैकी कोणीही थेट भिंतीला भिडत नसे. एकाच महाराष्ट्रात तीन हवामाने आणि तीन प्रकारची घरे! आज सिंधुदुर्गात, सोलापुरात आणि नागपुरात एकच नकाशा उभा राहतो, आणि त्यालाच प्रगती म्हणतात.

जुने सगळे जसेच्या तसे परत आणा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पंधरा मजल्यांवर माळवद घालता येत नाही. पण तत्त्व उचलता येते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर १९८३ मध्ये पूर्ण केलेली ‘कांचनजंगा’ ही उंच इमारत याचे ठळक उदाहरण आहे. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची कल्पना घेऊन त्यांनी तीत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या, ज्या ऊन आणि पाऊस स्वतःवर घेतात आणि आतील खोल्यांना सावलीत ठेवतात. श्रीमंतांसाठी चाळीस वर्षांपूर्वी जे जमले, त्याचे साधे रूप मध्यमवर्गासाठी आज का जमू नये?

ते जमत नाही, कारण मधल्या काळात काचेचे वेड आले. थंड देशांत सूर्य हा पाहुणा असतो, म्हणून तिकडे काचेच्या भिंती केल्या गेल्या. आपल्याकडे सूर्य घरचाच आहे. त्याला काचेतून आत घेऊन मग विजेने बाहेर घालवण्यात कोणती आधुनिकता आहे? या वेडाला नियमांनीही हातभार लावला. बाल्कनी आणि फ्लॉवर बेड यांच्या सवलतीचा बिल्डरांनी गैरवापर केला, म्हणून मुंबईत जानेवारी २०१२ च्या नियमबदलाने ही क्षेत्रे चटईक्षेत्रात मोजली जाऊ लागली. गैरवापर थांबला, त्याच्याबरोबर सावलीही गेली. आणि येथे घरमालकांनीही स्वतःकडे पाहिले पाहिजे. जेथे बाल्कनी होती तेथे ती खोलीत ओढून घेणारे, तिला सरकत्या काचा लावणारे हात बिल्डरचे नव्हते. चाळीस चौरस फूट जागेच्या मोहापायी सावली विकली आणि मग त्या वाढीव जागेत बसायला यंत्र आणले, असा हा व्यवहार आहे.

प्रमाणपत्राचा रोग

कायद्याच्या बाजूने बोलताना सरकारी यंत्रणेला मोकळे सोडता येणार नाही. चांगल्या नियमाचे कागदात रूपांतर करण्याची विलक्षण हातोटी आपल्या व्यवस्थेत आहे. पर्जन्यजलसंधारणाचा खड्डा आणि गच्चीवरील सौर बंब यांचे काय झाले, हे सोसायट्यांच्या सभासदांना सांगावे लागत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत बंब चकाकतो. पुढे त्याच्या नळ्या फुटतात, सांगाडा गंजतो आणि खड्ड्यावर कुंड्या येतात. इको निवास संहितेच्या वाट्याला हेच आले तर सल्लागारांची एक नवी जमात पोसली जाईल आणि भिंती तापतच राहतील.

‘हरित इमारत’ या बिरुदाचा अनुभवही बोलका आहे. राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना श्रेणीनुसार ३, ५ आणि ७ टक्के वाढीव चटईक्षेत्राचे प्रोत्साहन आहे. हेतू चांगला आहे. पण वाढीव चटईक्षेत्र विकून येणारा पैसा बिल्डरकडे जातो. त्याबदल्यात सदनिकाधारकाच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी किती फरक पडला, हे मोजून त्याला कोण सांगतो? प्रोत्साहन सार्वजनिक असेल तर हिशेबही सार्वजनिक हवा. प्रत्येक नव्या इमारतीच्या भिंतींचा आणि छताचा उष्णतामान गुणांक महारेराच्या नोंदणीत कार्पेट एरियाच्या शेजारी छापला गेला पाहिजे. कार्पेट एरियात पूर्वी जी फसवणूक चाले, तिला आळा बसला तो आकडा कायद्याने उघड करायला लावल्यामुळे. उष्णतेलाही तोच न्याय लावावा.

नियमांत सातत्य नसेल तर काय होते, याचे धडे युरोपने दिलेले आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ पासून नव्या भाडेकरारासाठी आणि २०२० पासून जवळपास सर्व भाड्याच्या खासगी घरांसाठी ऊर्जा प्रमाणपत्रावर किमान ‘ई’ श्रेणी बंधनकारक झाली. पुढे ‘सी’ श्रेणीचा प्रस्ताव आला. सप्टेंबर २०२३ मध्ये तत्कालीन सरकारने तो गुंडाळला. २०२५ मध्ये नव्या सरकारने २०३० ची मुदत घालून तो पुन्हा पुढे आणला. ज्यांनी वेळेवर खर्च केला ते मधल्या काळात वेडे ठरले, ज्यांनी टाळाटाळ केली ते शहाणे. जर्मनीत २०२३ मध्ये घर तापवण्याच्या यंत्रणेविषयीचा कायदा घाईने आणला गेला तेव्हा घरमालकांत असा संताप उसळला की, २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने तो रद्द करण्याचे वचन आपल्या करारातच लिहून टाकले. समाजाला तयार न करता वरून लादलेला नियम टिकत नाही आणि आज एक, उद्या दुसरे असे करणाऱ्या सरकारवर प्रामाणिक माणसाचा विश्वास राहत नाही. आपल्याकडे इमारतींचे नियम राज्ये आणि महापालिका यांच्या हाती आहेत. त्यांनी मुदत, टप्पे आणि तपासणीची पद्धत एकदाच स्पष्ट जाहीर करावी आणि तिच्यापासून ढळू नये.

पुनर्विकास : हातची संधी

पण सरकारची वाट पाहत बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. मुंबई, ठाणे, पुणे येथील असंख्य सोसायट्या आज पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. येथे सभासद हा केवळ ग्राहक नाही, तो जमिनीचा धनी आहे. बिल्डर त्याच्या दारात येतो; तो बिल्डरच्या दारात जात नाही. असे असताना विशेष सर्वसाधारण सभेत चर्चा कशाची होते? वाढीव कार्पेट किती टक्के, कॉर्पस किती, भाडे किती, कोणाला कोणता मजला. या चार प्रश्नांवर भावाभावांत वितुष्ट येते. भिंतीचा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवरही नसतो. पन्नास फूट जास्त मिळाल्याच्या आनंदात पन्नास वर्षांची उष्णता पदरात पडते.

कायद्याने दिलेले शस्त्र येथे हाती घेतले पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ अन्वये ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुनर्विकासासाठी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमला जातो. निविदा निघण्याआधीच त्याला सांगावे की, इमारत इको निवास संहितेच्या मर्यादेत बसली पाहिजे आणि तसे गणित नकाशांसोबत जोडले पाहिजे. भिंतीचे साहित्य आणि जाडी, छतावरील उष्णतारोधक थर, पश्चिम व दक्षिणेकडील छज्जांची खोली, उघडणाऱ्या खिडक्यांचे प्रमाण, सामाईक वीजवापरासाठी सौर पॅनेल या पाच गोष्टी विकसन करारनाम्याच्या परिशिष्टात आकड्यांसह लिहून घ्याव्यात.

लिहून का घ्यायचे, यालाही कारण आहे. रेरा कायद्याचे कलम १४ ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकते. आणि त्यात केवळ बांधकामातील दोष नव्हे, तर विक्रीकरारानुसार स्वीकारलेल्या अन्य जबाबदाऱ्यांचाही उल्लेख आहे. भिंत तापते, ही तक्रार घेऊन गेले तर हसे होईल. करारात लिहिलेला ब्लॉक वापरला नाही, ही तक्रार घेऊन गेले तर उत्तर द्यावे लागेल. नवे घर विकत घेणाऱ्या कुटुंबानेही हेच धोरण ठेवावे. जो बिल्डर हा आकडा द्यायला तयार नाही, त्याच्याकडे तो देण्यासारखा नाही, असे खुशाल समजावे.

जुन्या घरांनी काय करावे?

संहितेचा रोख नव्या बांधकामाकडे आहे. पण जी इमारत आज उभी आहे आणि आणखी पंचवीस वर्षे उभी राहणार आहे, तिच्या मालकांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटांनंतर एक दर, ३०० नंतर दुसरा. म्हणून वाचलेले युनिट हे नेहमी सर्वांत महागडे युनिट असते. साधे गणित करून पाहावे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा ३० वॅटच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालत असतील तर महिन्याला सुमारे ६५ युनिटे वाचतात. ‘उजाला’ योजनेत एलईडी दिव्याची सरकारी खरेदी किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून दोन वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरली, ती मोठ्या प्रमाणावरील एकत्रित खरेदीमुळे. पंख्यांचेही तसे होऊ शकते.

सोसायटीच्या पातळीवर पहिले काम गच्चीचे. पावसाळ्याआधी जलरोधनाचे काम निघतेच. तेव्हाच उष्णतारोधक थर आणि वर पांढरा परावर्तक लेप किंवा चायना मोझेक घालून घ्यावे. एका खर्चात दोन कामे होतात आणि वरच्या मजल्यावरील सभासदाचे रोजचे भाजणे थांबते. वरच्या मजल्याचे दुःख ते त्याचे एकट्याचे, ही वृत्ती सहकाराला शोभणारी नाही. तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये शीतल छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी जमा करायचे असतात. ज्या सोसायट्यांनी हे प्रामाणिकपणे केले, त्यांना या कामासाठी वर्गणी मागत फिरावे लागणार नाही.

दुसरे काम सूर्याचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या संचासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत, तर सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान ठेवण्यात आले. २० किलोवॅटच्या संचाला हे ३ लाख ६० हजार रुपये होतात. लिफ्ट आणि पंप यांचे बिल भरताना कपाळाला हात लावणाऱ्या व्यवस्थापकीय समितीने गच्चीवर चढून एकदा मोकळी जागा मोजावी. मात्र क्रम ध्यानात ठेवला पाहिजे. आधी उष्णता बाहेर अडवायची, मग कमी विजेची उपकरणे, आणि शेवटी सौर पॅनेल. गळक्या रांजणात पाणी भरण्यापूर्वी रांजण बुजवायचा असतो.

हा प्रश्न एका घराच्या बिलापुरता असता तरी महत्त्वाचा ठरला असता. पण तो तेवढाच नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल वीजमागणी २५० गिगावॅटवर पोहोचली, आणि ती वीज मुख्यतः कोळशाची होती. शीतलीकरण आराखड्याच्या अंदाजानुसार २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत शीतलीकरणाची मागणी सुमारे आठपट होणार आहे. आज उभी राहणारी प्रत्येक इमारत तेव्हाही उभी असेल. ती वाईट बांधली तर येणाऱ्या पिढीला आपण केवळ कर्जाचे घर नव्हे, तर कधीही न फिटणारे विजेचे ऋण देऊन जाऊ.

म्हणून नियम कडक होण्याची भीती बाळगायची असेल तर ती निकृष्ट भिंत विकणाऱ्याने बाळगावी. त्या भिंतीआड राहणाऱ्याला नियम हा दंडुका नव्हे, त्याच्या हातची काठी आहे. पण ती हाती घेण्याचे कष्ट त्यानेच केले पाहिजेत. सोसायट्यांत समितीचे सदस्य, चिटणीस, खजिनदार म्हणून राबणारे कार्यकर्ते कमी नाहीत. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्यांनी एक विषय वाढवावा : ‘आपल्या इमारतीच्या भिंती आणि छत.’ सभासद प्रथम हसतील. मे महिन्यात सभा घेतली तर हसणार नाहीत.